सातवा नियम माझ्या अक्षरातला

"झटक," दिवाणजी म्हणाला.

आईने पदर झटकला.

"गाठ सोड."

आईने पदराची गाठ सोडली. आत सुपारीचं खांड होतं. त्याने ते बोटाने उलटंपालटं करून पाहिलं आणि परत तिच्या हातावर टाकलं. वरून टाकलं. हाताला हात लागू नये म्हणून.

"आता पोरगी."

मी सात वर्षांची होते. पांढुर्ण्यात संत्र्याच्या एका व्यापाऱ्याची वखार होती, तिथे आई छाटणीला जायची. बायका ढिगाभोवती बसायच्या. मोठं संत्रं एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, डाग पडलेलं मागे फेकायचं. मागे त्याचा वेगळा ढीग व्हायचा. त्यावर माश्या घोंघावायच्या. दिवस कलला की शेठच्या गाई तिथे सोडत. काम सुटलं की बायका फाटकाशी रांगेत उभ्या राहायच्या आणि एकेक करून पदर झटकून बाहेर पडायच्या. हमाल पुरुषांना हे नव्हतं. त्यांच्या खिशावर नुसती थाप मारून सोडायचे.

मी फ्रॉकचा घेर धरून झटकला. चड्डीच्या नाडीत खोचलेलं संत्रं खाली पडलं. एका बाजूने मऊ झालेलं, काळा डाग पडलेलं. ते घरंगळत दिवाणजीच्या चपलेपाशी गेलं आणि थांबलं.

"मांगच्या ढिगावरचं हाय जी," आई म्हणाली. "फेकलेलं."

"ढीग पण शेठचाच आहे," तो म्हणाला. "चोराच्या पोटी चोरच येते."

रांगेत कोणीतरी हसलं. आमच्यातलीच बाई होती. त्याने मला ते उचलायला लावलं. सगळ्यांच्या समोरून मागच्या ढिगापर्यंत चालायला लावलं. मी गेले. संत्रं ढिगावर ठेवलं. तिथे गाय उभी होती. तिने मान खाली घातली आणि ते खाल्लं. माझ्या डोळ्यांसमोर.

दिवाणजीने ते पाहिलं. "आता जा," म्हणाला.

आईने मला मारलं नाही. आम्ही घरी आलो. आमच्या घराला कुलूप नव्हतं. दाराच्या जागी गोणपाट होतं. ते बाजूला सारताना ती म्हणाली, "उद्यापासून त्यानं म्हणायच्या आंधी झटकायचं. आपणच. मंग कोणी काही म्हणत नाही."

हे तिने मला दिलेलं शिक्षण. पुढची पासष्ट वर्षं मी ते पाळलं.

तन्वी, ईशान, मागच्या वर्षी मी तुमच्याकडे होते तेव्हा आपण तुमच्या शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. निघताना मी दारात पर्स उघडली आणि त्या बाईंच्या समोर धरली. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. तुम्ही दोघं हसलात. तन्वीने परत येताना विचारलं, आजी, तू असं का करतेस, सगळीकडेच करतेस. मी सांगितलं, चष्मा राहिला का ते पाहत होते.

खोटं बोलले. खरं कारण वर लिहिलं आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. इंग्रजी मला चांगलं येतं, तुम्हाला ठाऊक आहे. पण हे माझ्या आईचं आहे आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. अडलं तिथे बाबांना विचारा. त्यालाही यातलं काही माहीत नाही. त्यालाही कळू द्या.

मी शिकले. छिंदवाड्याला वसतिगृहात राहून बी. ए. केलं, मग इंग्रजीत एम. ए. मला वाटायचं, इंग्रजी आलं की कोणत्याही फाटकावर कोणी थांबवणार नाही. थांबवलंही नाही कोणी. पण मी आपणहून थांबायचे. ग्रंथालयातून निघताना न विचारता पिशवी उघडायचे. दुकानातून निघताना हात मोकळे दिसतील असे धरायचे. पुढे सौंसरच्या शाळेत इंग्रजीची बाई झाले. माझी वही स्वच्छ, माझं कपाट स्वच्छ, माझा हिशोब चोख. लोक म्हणायचे, बाई फार शिस्तीच्या. ती शिस्त नव्हती. भीती होती, इस्त्री केलेली.

परीक्षेच्या हॉलमध्ये मुलींची झडती घ्यायला मलाच पाठवत. कॉपीची चिठ्ठी कुठे लपते ते मला बरोबर कळायचं. मी मुलींना ओढण्या झटकायला लावल्या आहेत. किती मुलींना, ते आठवत नाही. आठवायला हवं होतं.

तुमचे आजोबा आणि मी, दोघांच्या नोकरीवर सौंसरच्या या कॉलनीत घर बांधलं. एकच गेट, मागे नाला. बहुतेक घरं नोकरदारांची, काही शेतीवाल्यांची, दोन-तीन व्यापाऱ्यांची. माझं माहेर पांढुर्ण्याच्या कोणत्या मोहल्ल्यातलं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही. बैठकीत बसवतात, चहा देतात. स्वयंपाकघरात कोणी नेलं नाही, एवढंच. मी त्यातही सुख मानलं.

दोन वर्षांपूर्वी आसपासच्या वस्त्यांत चोऱ्या व्हायला लागल्या. बंद घर पाहून मागचं दार फोडायचं, असा प्रकार. ठाण्यातून एक हवालदार आला. कॉलनीच्या मारुतीच्या मंडपात त्याने सगळ्यांना बसवून समजावलं. चांगलं बोलला. गावाला जाताना शेजारच्यांना सांगून जा. दूध, पेपर बंद करा, दारात साचू देऊ नका. मोबाइलवर आपण कुठे आहोत ते जगाला सांगू नका. मागच्या दाराला आतून आडवी पट्टी लावा. खिडकीच्या जाळीचे स्क्रू बाहेरच्या बाजूने असतील तर ते आधी बदला. गल्लीतले दिवे चालू ठेवा. कामवाल्यांच्या आणि भाडेकरूंच्या ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा. चोर आधी पाहून जातो, म्हणाला, घर कोणाचं मोठं ते पाहात नाही, कोणतं बंद आहे ते पाहतो.

मी सगळं लिहून घेतलं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. काय करायचं ते ओळीने सांगणारा माणूस मला नेहमीच आवडतो.

समिती झाली. अध्यक्ष गावंडे साहेब. निवृत्त इंजिनिअर, लोधीखेड्याकडे संत्र्याचा मोठा बगीचा. मोठ्याने बोलतात, पण धावून येतात. तुमच्या आजोबांच्या छातीत दुखलं तेव्हा त्यांनीच स्वतःच्या गाडीत घालून नागपूरला नेलं होतं. हे मी विसरलेले नाही, आणि पुढचं लिहिताना तुम्हीही विसरू नका. सचिव मी. कारण माझं अक्षर चांगलं आणि रजिस्टर नीट राहील याची सगळ्यांना खात्री.

अकरा नियम केले. सहा नियमांपर्यंत दिवे, कुलपं, चाव्या, फोन नंबर. मग गावंडे वहिनी म्हणाल्या, या कामवाल्या बाया जाताना काय घेऊन जातात ते कोण पाहून राहिलं आहे. गेटवर तपासलं पाहिजे. हवालदाराने असलं काही सांगितलं नव्हतं. चार-दोन जण चुळबुळले. बरं दिसणार नाही, एक जण म्हणाले. झडती म्हटलं की वाईट वाटते बायांना.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई, तुम्हीच सांगा कसं लिहायचं.

मी लिहिलं. नियम सात. "कामावरून परत जाताना प्रत्येक कामगाराने आपली पिशवी स्वेच्छेने दाखवावी."

स्वेच्छेने. तो शब्द माझा. सगळ्यांना फार आवडला. गावंडे साहेब म्हणाले, "पाहा, शिकलेला माणूस असला की असं होते."

आणि मी तिथे थांबले नाही. कोणी बाईला उरलेल्या पोळ्या, जुनी साडी देतं, मग गेटवर खुलासा कसा व्हायचा? मी चिठ्ठीची पद्धत काढली. जे द्याल त्याची चिठ्ठी लिहून द्या. नमुना मीच करून दिला. वस्तू, नग, देणाऱ्याचं नाव, सही. लोकांनी वाखाणलं. त्यानंतर बायांच्या पिशवीत पोळ्यांच्या फडक्यासोबत चिठ्ठी असायची. पोळ्या चार, भाजी वाटीभर. खाली सही.

माझ्याकडे लीला काम करते. चौदा वर्षं झाली. गावंड्यांकडे नऊ वर्षं, आणि आणखी दोन घरं. बोलायला तिखट. नियम सात मी तिला स्वतः समजावून सांगितला. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं मॅडम." नंतर म्हणाली, "पोळी खाल्ली तर चिठ्ठी पण खायची का?" मी हसले. मला तो विनोद वाटला.

गेटवर टेबल-खुर्ची मांडली. बाया साडेअकराच्या सुमारास निघतात, तेव्हा समितीतली एक बाई पाळीने बसायची. माझी पाळी मंगळवारी. पण सुरुवातीपासूनच माझ्या गुडघ्याचं दुखणं चालू होतं, माझी पाळी वहिनींनीच घेतली. म्हणून मी माझा नियम लिहिलेला पाहिला होता, चालताना पाहिला नव्हता.

मग गावंड्यांकडे चोरी झाली. तीन दिवस ते नागपूरला लेकीकडे गेले होते. परत आले तर मागचं दार फोडलेलं. देवघरातली चांदी आणि वहिनींच्या बांगड्या गेल्या.

त्याच दिवशी दुपारी त्यांच्या बैठकीत सगळे जमले. वहिनी रडत होत्या. बांगड्या त्यांच्या सासूच्या होत्या. मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरून बसले. बोलता बोलता साहेब म्हणाले, कपाट कोणतं, डबा कोणता, चोराला कसं कळलं? घरातलं माणूस असल्याशिवाय कळते का? घरातलं माणूस म्हणजे कोण, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, लीला तर ते तिन्ही दिवस बोरगावला बहिणीकडे होती, तुम्हीच सुट्टी दिली होती. वहिनी म्हणाल्या, तेच तर.

मी उठले. दारात आले. सवयीने पर्स उघडली.

इतकी वर्षं मी या दारात पर्स उघडत आले. वहिनी हसायच्या. अहो मॅडम, तुमचं काय हे, म्हणायच्या, आणि पर्सचं तोंड आपल्या हाताने बंद करून द्यायच्या. तो आमच्यातला जुना खेळ होता.

त्या दिवशी वहिनी हसल्या नाहीत. वाकल्या. पाहिलं. एक बोट घालून रुमाल बाजूला केला. खाली चष्म्याचं घर होतं, गोळ्यांची पट्टी होती. मग त्या सरळ झाल्या. "बरं, या," म्हणाल्या.

मागे सगळे बसले होते. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यांनी मुद्दाम केलं नसेल. मन थाऱ्यावर नव्हतं त्यांचं. मी स्वतःला हे घरापर्यंत सांगत आले. घरी आले, चहा ठेवला, आणि चहा उतू गेला तरी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर गाय होती. मान खाली घालून खाणारी.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. गुडघा बरा होता. नाही म्हणायला कारण नव्हतं. मी गेटवर जाऊन बसले. रजिस्टर उघडलं. तारीख घातली, समास आखला. या हातांना दुसरं काही येतच नाही.

बाया एकेक आल्या. पिशवी टेबलावर ठेवायच्या, तोंड उघडायच्या, मान दुसरीकडे वळवायच्या. मी न बघता रजिस्टरात खूण करत होते. वाटलं, मी न बघितलं म्हणजे झालं.

लीला शेवटी आली. तिने पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, चिठ्ठी, कंगवा. मग एक पाऊल मागे सरली आणि पदर खांद्यावरून काढून झटकला. दोनदा. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून माझ्यासमोर धरली. गाठीत घराची किल्ली होती.

मी म्हटलं, "लीला, पिशवी म्हटलं होतं. पदर नाही."

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "माही माय पांढुर्ण्याले संत्र्याच्या वखारीत जाये. तिनं सांगतलं होतं. नुसती पिशवी पाहून कोणाचं मन भरत नाही."

मी तिच्याकडे पाहात राहिले. ती पन्नाशीची. तिची आई माझ्या आईनंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्या रांगेत उभी असेल. तोच पदर, तेच फाटक. या बाजूला दिवाणजीच्या जागी कोण बसलं होतं, तर मी. चष्मा लावून. समास आखून.

"खूण करा न मॅडम. मले उशीर होऊन राहिला."

मी खूण केली नाही. रजिस्टर मिटलं. ती आपलं सामान पिशवीत भरून निघून गेली. जाताना चिठ्ठी तेवढी टेबलावरच सोडून गेली. पोळ्या तीन. खाली माझीच सही होती. सकाळी मीच तिला दिल्या होत्या.

दुपारी गावंडे साहेब माझ्याकडे आले. कागद टाइप करून आणला होता. ठाण्यात द्यायचा. समितीचा संशय अमुक बाईवर आहे, तिची चौकशी व्हावी. अध्यक्षांची सही झालेली होती. सचिवांची जागा रिकामी.

मी विचारलं, काही सापडलं का तिच्याकडे.

"ते पोलीस पाहतील न, मॅडम. आपण फक्त शक सांगून राहिलो."

मी रजिस्टर आणलं. त्यांना माझ्या तीन नोंदी दाखवल्या. मागच्या नाल्याकडचा दिवा बंद आहे. मागच्या नाल्याकडचा दिवा अजूनही बंद आहे. नाल्याकडच्या भिंतीचा कोपरा खचला आहे, माणूस सहज आत येईल. तिन्हीखाली त्यांनीच 'पाहिले' असं लिहून सही केली होती. मग त्यांना आठवण दिली, की वहिनींनी निघताना सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला होता, चाललो लेकीकडे, तीन दिवस आराम. दुधाची पाकिटं तीन दिवस फाटकाला लटकत होती. मी पाहिली होती, काढली नव्हती, तीही माझी चूक. मागच्या दाराला आडवी पट्टी नव्हती. हवालदाराने सांगितलेलं एकही काम आपण केलं नाही, मी म्हटलं. केलं ते एकच, जे त्याने सांगितलंच नव्हतं.

ते ऐकून घेत होते. शांतपणे. मोठ्या पदावरची माणसं कारकुनाचं ऐकतात तसं.

"बरोबर आहे तुमचं. दिवा लावून घेऊ. आता सही करून टाका."

"नाही."

"मॅडम, चारच दिवसांचा मामला आहे. तिला काही फाशी देऊन नाही राहिले."

तिला काय होईल ते मला ठाऊक होतं. एकदा ठाण्यात नाव गेलं की त्या बाईला या गावात भांडी घासायलाही कोणी दारात उभं करत नाही. चौदा वर्षं, चार घरं, एका कागदावर संपतात.

मी म्हटलं, "नियम सात मी लिहिला. चुकले. तो आजपासून काढायचा. आणि या कागदावर माझी सही होणार नाही."

त्यांनी कागदाची घडी केली. खिशात ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दारापाशी वळून म्हणाले, "कितीही शिकलं तरी माणूस शेवटी आपल्या लोकांकडेच जाते, मॅडम."

"हो," मी म्हटलं. "मला जायला उशीर झाला."

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला दारापर्यंत सोडायला उठले नाही.

मग मी बसून दुसरा कागद लिहिला. हाताने. बंद दिवा, खचलेली भिंत, दुधाची पाकिटं, फोटो, पट्टी नसलेलं दार. लीला त्या दिवसांत कुठे होती ते. चौदा वर्षांत माझ्या घरातून चमचाही गेला नाही ते. आणि शेवटी, की बायांच्या पिशव्या तपासण्याचा नियम पोलिसांनी सांगितलेला नाही, तो मी लिहिलेला आहे आणि तो अपमान आहे. खाली पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. ते आडनाव मी लग्नानंतर कुठेच लिहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी लीलाला ठाण्यात बोलावणं आलं. साहेबांनी माझ्या सहीशिवाय कागद दिला होता. माझा कागद घेऊन मी तिच्याबरोबर गेले. बाकावर तासभर बसवलं. तोच हवालदार होता. त्याने माझा कागद सावकाश वाचला, फाइलला लावला, लीलाला चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, जा, गरज पडली तर बोलावू. मी आभार मानले. लीलाने नाही मानले. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमी आल्या म्हणून बाकावर बसवलं. नाही तर खाली बसवते."

चोर सापडला नाही. बांगड्याही सापडल्या नाहीत. शेवटी सगळं नीट झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. गावंड्यांनी लीलाला काढलं. आणखी एका घराने काढलं. समितीने मला मोकळं केलं, प्रकृतीच्या कारणाने, असं रजिस्टरमध्ये लिहिलं आहे. अक्षर वाईट आहे. नियम सात आहे तिथेच आहे. मागचा दिवा मात्र लागला. वहिनी समोरून येताना दिसल्या की फोन कानाला लावतात. मला त्यांची आठवण येते, हेही खरं आहे. तुमचे आजोबा गेल्यावर सकाळचा चहा त्या माझ्याबरोबर घ्यायच्या, तो आता एकटीने पिण्याचा कंटाळा येतो. या वयात नवीन शत्रू करणं फार थकवणारं काम आहे.

पण रोज साडेअकराला मी चप्पल घालते. लीला माझ्याकडचं काम आटोपते, मी तिची पिशवी माझ्या खांद्याला अडकवते आणि आम्ही दोघी गेटकडे चालत जातो. टेबलाशी आता पाळ्यांऐवजी रोज नवीन सचिवच बसलेल्या असतात. माझीच विद्यार्थिनी आहे, पूर्वी तिची ओढणी मी झटकायला लावली होती की नाही, देव जाणे. पहिल्या दिवशी ती उठून उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, पिशवी दाखवावी लागते."

"उघडणार नाही," मी म्हटलं. "अडवायचं असेल तर मला अडव. पोलीस बोलाव. मी इथेच उभी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग रजिस्टरकडे पाहिलं. बसली. आम्ही बाहेर पडलो.

लीला खूश झाली, असं समजू नका. कोपऱ्यावर पिशवी माझ्या खांद्यावरून ओढून घेत म्हणाली, "तुमचं काय जाते मॅडम. माही दोन घरं गेली, आता तिसरं जाईन. तुमी चार दिवस कराल. मंग?"

तिचं बरोबर होतं. मी चार दिवस करून घरी बसले तर तो माझा छंद झाला असता. तिचं घर तेवढं जास्त गेलं असतं.

त्याला आता पाच महिने झाले. तिसरं घर गेलं नाही, अजून तरी. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका बाईने टेबलासमोर पिशवी उघडली नाही. नुसती छातीशी धरून आमच्या मागोमाग चालत बाहेर आली. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती थांबली असती.

डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला चालणं कमी करा. तुमचे बाबा म्हणतात, आई, या हिवाळ्यात इकडेच ये, कशाला तिथे एकटी भांडत बसतेस. येणार नाही. हिवाळ्यात संत्र्याचा हंगाम असतो, कॉलनीत पाहुणे येतात, बायांना काम वाढतं, पिशव्या जास्त तपासल्या जातात. मला इथे असायला हवं.

कधीतरी येईन. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांकडे जेवायला जाऊ. निघताना मी पर्स खांद्याला लावीन आणि सरळ बाहेर पडेन. बंद पर्स. तुम्ही लक्ष ठेवा. हाताला साठ-पासष्ट वर्षांची सवय आहे, तो पर्सच्या तोंडाकडे जाईल. गेला तर माझा हात धरा.

आणि तुमच्या घरी कामाला कोणी येत असेल, आता किंवा पुढे कधी, तर दाराला चांगली कडी लावा. मागचा दिवा चालू ठेवा. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगा, जगाला सांगू नका. पण जाणाऱ्याची पिशवी उघडायला लावू नका. तुम्ही ती उघडायला लावलीत, तर माझ्या आईला पुन्हा त्या फाटकावर उभं केलंत असं मी धरेन. आणि मग तुमच्या दारातही मी अशीच उभी राहीन, बंद पिशवी खांद्याला लावून.

उद्या बुधवार. साडेअकराला निघायचं आहे.